तोफखान्यातल्या अधिकाऱ्याची घरातली कागदपत्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काळी पत्र्याची ट्रंक, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर, आत पत्रांचे गठ्ठे, ग्रुप फोटो, दोन-चार पदकं आणि वर डांबरगोळ्यांचा वास. आजोबा किंवा वडील गेल्यावर, नाहीतर घर विकायला काढल्यावर ही ट्रंक उघडली जाते आणि मग माझ्याकडे फोटो यायला लागतात. मी देवळालीजवळ राहतो, घरातली दोन माणसं तोफखान्यात होती, त्यामुळे हे काम आपोआप अंगावर आलं. तेच उत्तर दहा जणांना लिहिण्यापेक्षा इथे एकदाच लिहून ठेवतो. मी वकील नाही आणि लष्कराच्या वतीनंही बोलत नाही.

१. ट्रंक उघडली आहे. आता सगळ्यात आधी काय करू?

काहीच करू नका. हात लावण्याआधी मोबाइलवर वरून फोटो काढा, मग एकेक थर उचलताना पुन्हा काढा. सुतळी, नाडी, रबरबँड सोडायच्या आधी गठ्ठ्याला क्रमांक द्या आणि गठ्ठ्यातला कागद त्याच गठ्ठ्यात परत ठेवा.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, चूक करून सांगतो. माझ्या मामांची ट्रंक उघडली तेव्हा मी दोन दिवस बसून सगळी पत्रं तारखेनं लावली. फार नेटकं दिसत होतं. नंतर लक्षात आलं की मामांनी ती बॅटरीप्रमाणे, म्हणजे तोफांच्या तुकडीप्रमाणे, बांधली होती. ज्या बॅटरीत ते होते, तिथल्या जवानांनी निवृत्तीनंतर वीस-वीस वर्षांनी पाठवलेली पत्रंही त्याच गठ्ठ्यात होती. मी ती तारखेप्रमाणे वेगळी काढली आणि कोणता सुभेदार कुठल्या बॅटरीतला, हे सांगणारा एकमेव धागा तोडला. पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत बांधलेले असतात आणि तिथे काम करणारे रुमालाचा नंबर कधी सोडत नाहीत. घरच्या ट्रंकेलाही तोच नियम लावा.

२. ते तोफखान्यातच होते हे कशावरून ओळखायचं? घरात कोणालाच नीट माहीत नाही.

टोपीचा बिल्ला बघा. त्यावर तोफ असते आणि ‘सर्वत्र इज्जत-ओ-इक़बाल’ हे बोधवाक्य असतं. कागदांवर ‘आर्टिलरी’ किंवा नुसतं ‘आर्टी’ असं लिहिलेलं असतं. युनिटचं नाव आकडा आणि प्रकार असं चालतं: अमुक फील्ड रेजिमेंट, मीडियम रेजिमेंट, लाइट रेजिमेंट, माउंटन रेजिमेंट. ‘आरआयए’ म्हणजे रॉयल इंडियन आर्टिलरी. यातला ‘रॉयल’ हा मान दुसऱ्या महायुद्धातल्या कामगिरीबद्दल १९४५ मध्ये मिळाला आणि १९५० मध्ये प्रजासत्ताक झाल्यावर गेला. म्हणून तारीख नसलेल्या लेटरहेडवर ‘आरआयए’ दिसलं तर तो कागद साधारण त्या पाच वर्षांतला, असा प्राथमिक अंदाज करायला हरकत नाही. ‘प्राथमिक’ हा शब्द महत्त्वाचा. जुनी स्टेशनरी संपेपर्यंत वापरायची सवय फौजेतही आहे.

३. नंबराच्या आधी आयसी, एसएस, ईसी असं काय असतं? आमच्याकडे एकाच माणसाचे दोन नंबर सापडले.

अधिकाऱ्याला कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, कोणत्या प्रकारची मिळाली, ते त्या अक्षरांवरून कळतं. आयसी म्हणजे कायम कमिशन, एसएस म्हणजे शॉर्ट सर्व्हिस, ईसी म्हणजे इमर्जन्सी कमिशन. चीनशी १९६२ मध्ये युद्ध झालं आणि त्यानंतर मोठ्या संख्येनं इमर्जन्सी कमिशन दिली गेली, त्यामुळे कॉलेज सोडून फौजेत गेलेल्या मराठी मुलांच्या कागदांवर ईसी बरेचदा दिसतं. महायुद्धाच्या काळातल्या भारतीय इमर्जन्सी अधिकाऱ्यांना आयईसी हे अक्षर असे.

इमर्जन्सी किंवा शॉर्ट सर्व्हिसमधून कायम कमिशनमध्ये गेलेल्या माणसाला नवा नंबर मिळतो. म्हणजे दोन नंबर असणं ही चूक नाही, ती त्याच्या नोकरीची गोष्ट आहे. कुठेही अर्ज करताना दोन्ही लिहा. जेसी, म्हणजे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर (जेसीओ, सुभेदार वगैरे), असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

४. पणजोबा १९२२ साली तोफखान्यात ‘ऑफिसर’ होते असं घरात सांगतात, पण आर्मी लिस्टमध्ये (फौजेतल्या अधिकाऱ्यांच्या छापील यादीत) नाव सापडत नाही. का?

घरातली आठवण खोटी नसते, पण ती पदाच्या बाबतीत सैल असते. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी लोकांच्या हातात तोफा ठेवल्याच नाहीत. अपवाद प्रामुख्यानं माउंटन बॅटऱ्यांचा, म्हणजे खेचरांवरून डोंगरात नेता येणाऱ्या छोट्या तोफांचा. तिथेही गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली जमादार, सुभेदार असे व्हाइसरॉयज कमिशन्ड ऑफिसर असत. पूर्ण कमिशन घेऊन तोफखान्यात गेलेले पहिले भारतीय, प्रेमसिंग ग्यानी आणि परमशिव कुमारमंगलम, इंग्लंडमधल्या वुलिचच्या लष्करी अकादमीतून १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बाहेर पडले. भारतीय फील्ड तोफखान्याची पहिली तुकडी बंगळूरला उभी राहिली ती १५ जानेवारी १९३५ ला. तेव्हा १९२२ चे पणजोबा बहुधा जमादार किंवा सुभेदार होते. त्यात कमीपणा काय? बॅटरी खरं तर तेच चालवत.

स्वातंत्र्यानंतरचा असाच घोळ ‘कॅप्टन’ शब्दाचा आहे. निवृत्तीच्या सुमारास निवडक जेसीओंना ऑनररी लेफ्टनंट किंवा ऑनररी कॅप्टन हा मान मिळतो. दारावरच्या पाटीवर ‘ऑनररी’ राहत नाही, नुसतं कॅप्टन उरतं. नंबर जेसीनं सुरू होत असेल तर शोध वेगळ्या दारी करायचा (प्रश्न ६).

५. १९४५ मध्ये मेजर आणि १९४७ मध्ये कॅप्टन. त्यांना शिक्षा झाली होती का?

जवळजवळ नक्कीच नाही. युद्धात ॲक्टिंग आणि टेम्पररी हुद्दे सर्रास दिले जात. खरा हुद्दा खालचाच राहायचा. ती जागा गेली की माणूस मूळ हुद्द्यावर येई. कागदावर हुद्द्याच्या आगेमागे ‘ॲक्टिंग’, ‘टेम्पररी’, ‘वॉर सबस्टॅन्टिव्ह’ असे शब्द किंवा त्यांची आद्याक्षरं शोधा.

६. सरकारी सेवा-नोंद मिळेल का? नाशिक रोडला अर्ज करायचा ना?

इथेच निम्मे लोक चुकतात. नाशिक रोड कॅम्पचं तोपखाना अभिलेख कार्यालय जवान आणि जेसीओंच्या नोंदी सांभाळतं. अधिकाऱ्यांच्या नोंदी दिल्लीत, सेना मुख्यालयाच्या ॲडज्युटंट जनरल शाखेकडे असतात. अर्जात पूर्ण नाव, नंबर (दोन असतील तर दोन्ही), कमिशनची तारीख, शेवटची युनिट, निवृत्तीची तारीख आणि तुमचं नातं सिद्ध करणारा कागद द्या. पेन्शन पेमेंट ऑर्डर घरात असेल तर तिची प्रत जोडा, ती सगळ्यात उपयोगी पडते.

सेवेतल्या तारखा आणि पदकांची माहिती मिळण्याची शक्यता बरी असते. वार्षिक गोपनीय अहवाल मिळतील ही आशा धरू नका. माहितीच्या अधिकारात अर्ज केला तरी वैयक्तिक माहिती म्हणून नकार येऊ शकतो.

दिल्लीहून उत्तर येईपर्यंत दोन गोष्टी घरी बसून होतात. भारताच्या राजपत्रात अधिकाऱ्यांची कमिशन, बढत्या आणि शौर्यपदकं छापली जात. जुने अंक ऑनलाइन आहेत. आणि १९४७ च्या आधीच्या आर्मी लिस्ट स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं स्कॅन करून मोफत ठेवल्या आहेत. स्वातंत्र्यापूर्वी कमिशन मिळालेल्यांपैकी काहींच्या सेवा-नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या लष्करी दफ्तरात आहेत.

७. वडील फील्ड रेजिमेंटचे, पण ६५ आणि ७१ च्या पत्रांत सगळा उल्लेख एका पायदळाच्या पलटणीचा. ते नक्की कुठे होते?

हा माझा आवडता प्रश्न, कारण यात तोफखान्याच्या अधिकाऱ्याचं सगळं आयुष्य येतं.

लोकांच्या डोळ्यांसमोर तोफेजवळ उभा असलेला अधिकारी असतो. तोही असतो, त्याला गन पोझिशन ऑफिसर म्हणतात आणि तो तोफांपाशी हिशेब सांभाळतो. पण तोफा लक्ष्यापासून कितीतरी किलोमीटर मागे असतात. ६५ मध्ये बऱ्याच फील्ड रेजिमेंटकडे असलेल्या २५ पाउंडर तोफेचा पल्ला १३,४०० यार्ड, म्हणजे बारा किलोमीटरच्या थोडा वर. तोफेवरच्या माणसाला शत्रू दिसतच नाही. तो दिसतो पुढे पायदळाच्या कंपनीबरोबर बसलेल्या ओपी अधिकाऱ्याला, म्हणजे ऑब्झर्व्हेशन पोस्टवरच्या कॅप्टन किंवा लेफ्टनंटला. त्याच्याकडे दुर्बीण, नकाशा, वायरलेस आणि दोन-तीन माणसं. गोळा कुठे पडला ते बघून तो मागे दुरुस्ती सांगतो. बॅटरी कमांडर, म्हणजे मेजर, सहसा त्या पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरशेजारी असतो. म्हणजे तरुणपणी तोफखान्याचा अधिकारी लढाईत राहतो, जेवतो, चालतो आणि मरतोही पायदळाबरोबर.

तेव्हा पत्रांत पलटणीचं नाव येणं हे घोळ नाही, तो पत्ता आहे. ढोबळ मांडणी अशी: एका ब्रिगेडमध्ये तीन पलटणी, तिला मदतीला एक फील्ड रेजिमेंट, रेजिमेंटमध्ये तीन बॅटऱ्या, म्हणजे पलटणीला एक बॅटरी. पलटण कळली की ब्रिगेड कळते आणि ब्रिगेड कळली की आघाडी कळते. पलटणीचा छापील इतिहास मिळवा आणि त्यात ‘आमचा गनर ऑफिसर’, ‘ओपी’ हे शब्द शोधा. नाव बहुतेक वेळा नसतं. पायदळाच्या इतिहासलेखकांवर माझा हा जुना राग आहे: तोफांनी हल्ला मोडला हे लिहितात, तोफा मागवणाऱ्याचं नाव मात्र विसरतात. म्हणून घरातल्या पत्रात एका रात्रीची तारीख आणि एका टेकडीचं नाव असेल, तर ते पत्र त्या पलटणीच्या लोकांनाही हवं असतं.

८. छोट्या चिठ्ठ्यांवर नुसते आकडे आहेत. सांकेतिक लिपी आहे का?

बहुतेक वेळा नाही. साधारण पाच प्रकार दिसतात.

सहा आकडे आणि दिवसाचा संदर्भ असेल तर ती तारीख-वेळ: ०६२१३० म्हणजे ६ तारखेची रात्रीची साडेनऊ. शेवटी झेड असेल तर ग्रीनिच वेळ, त्यात साडेपाच तास मिळवा. महिना बरेचदा लिहिलेला नसतो, तो शेजारच्या कागदावरून काढावा लागतो. गठ्ठा फोडू नका म्हणतो ते यासाठीच.

सहा आकडे आणि पुढेमागे जागेचं नाव असेल तर तो नकाशावरचा ग्रिड संदर्भ. पहिले तीन पूर्वेकडे, नंतरचे तीन उत्तरेकडे. नकाशाचा शीट क्रमांक नसेल तर या आकड्यांवरून एकटी जागा ठरत नाही.

‘ॲड ४००’, ‘ड्रॉप २००’, ‘लेफ्ट’, ‘राइट’ हे ओपीवरून दिलेले हुकूम. गोळा लक्ष्याच्या अलीकडे पडला तर ॲड, पलीकडे गेला तर ड्रॉप. एकदा अलीकडे, एकदा पलीकडे असं लक्ष्य कात्रीत धरून अंतर निम्मं-निम्मं करत आणायचं. चिठ्ठीवर ४००, २००, १००, ५० अशी उतरंड दिसली तर तुम्ही प्रत्यक्ष फायरिंगचा कागद हातात धरला आहे. यार्ड की मीटर, ते कागदाच्या काळावर अवलंबून.

चार आकडी कोन दिसले आणि ते ३६० च्या कितीतरी वर असले तर ते मिल आहेत. पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल होतात आणि एक किलोमीटरवर एक मिल म्हणजे साधारण एक मीटर, म्हणून तोफखान्याला ते सोयीचं.

आणि पानभर पसरलेल्या आकड्यांच्या ओळी, ज्या पाहून लोक ‘गुप्त संदेश’ म्हणून घाबरतात, तो पुष्कळदा हवामानाचा तक्ता निघतो. वेगवेगळ्या उंचीवरचा वारा आणि तापमान त्यात असतं. गोळा हवेत इतका वेळ असतो की वारा त्याला ढकलतो. तो हिशेब आधी करावा लागतो. याला ‘मीटिऑर’ म्हणतात. एका काकूंनी असा तक्ता यजमानांची जन्मकुंडली समजून देवघरात जपला होता. मी त्यांना खरं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, असू दे, तिथंच राहू दे.

९. फोटोत तोफ आहे. कोणती ते कसं ओळखू?

२५ पाउंडरखाली बैलगाडीच्या चाकासारखं गोल चक्र ठेवलेलं असतं, तोफ त्यावर फिरते. ५.५ इंची मीडियम तोफेला दोन्ही बाजूंना शिंगांसारखे दोन खांब वर आलेले असतात. शेजारी खेचरं असतील तर ती ३.७ इंची माउंटन हॉवित्झर असू शकते. तिचे सुटे भाग आठ खेचरांवर चढत. फार लांब, सडपातळ नळी दिसली तर १३० मिलिमीटरची रशियन तोफ, पल्ला २७ किलोमीटर. बोफोर्स १९८६ च्या करारानंतर आली, त्याआधीच्या फोटोला ते नाव देऊ नका. लोक देतात.

१०. तोफखान्यातले होते तर विमानाजवळ गणवेशात फोटो कसा? आणि विमानविरोधी तोफांचं काय?

ते एअर ओपी असणार. प्रश्न ७ मधला ओपी अधिकारीच, फक्त टेकडीऐवजी छोट्या विमानात. ही विमानं तोफखान्याचेच अधिकारी चालवत: आधी ऑस्टर, मग कृषक, नंतर हेलिकॉप्टर. १ नोव्हेंबर १९८६ ला आर्मी एव्हिएशन कोअर वेगळी झाली. त्याआधी उडणाऱ्या वैमानिकाच्या खांद्यावर तोफखान्याचीच खूण असेल.

विमानविरोधी तोफाही आधी याच रेजिमेंटमध्ये होत्या. १० जानेवारी १९९४ ला एअर डिफेन्स आर्टिलरी स्वतंत्र झाली. सेवा दोन्ही बाजूंना पसरलेली असेल तर दोन्हीकडे चौकशी करा.

११. देवळालीचे पाच-सहा ग्रुप फोटो आहेत. म्हणजे त्यांची बदली इथेच होती?

नाही. स्कूल ऑफ आर्टिलरी १९४१ मध्ये काकुलहून (आता पाकिस्तानात) देवळालीला आलं आणि तेव्हापासून तोफखान्याचा जवळजवळ प्रत्येक अधिकारी कोर्ससाठी इथे आला. आधी यंग ऑफिसर्स कोर्स, मग लाँग गनरी स्टाफ कोर्स, मग आणखी काही. फोटोखाली कोर्सचं नाव, क्रमांक आणि सगळ्यांची नावं छापलेली असतात. ती पट्टी फ्रेममध्ये दडली असेल तर फ्रेम हलक्या हातानं उघडा, कारण त्या पट्टीतलं एखादं नाव अजून फोनवर भेटू शकतं.

जाता जाता: मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत कंटाळलेले गोरे सोल्जर इथल्या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहत. इंग्रजीत वेड लागल्याला ‘डुलाली’ म्हणतात, तो शब्द आमच्या देवळालीचाच.

१२. पत्रांवर गावाचं नावच नाही, फक्त ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ. जागा कशी शोधायची?

एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. पत्त्यावरून जागा शोधता येणार नाही, ती लपवण्यासाठीच तो पत्ता आहे. ५६ दिल्लीहून आणि ९९ कोलकात्याहून वाटलं जातं, म्हणून ९९ असेल तर पूर्वेकडची शक्यता जास्त, एवढंच. महायुद्धातल्या पाकिटांवर फील्ड पोस्ट ऑफिसचा आकडा असलेला शिक्का असतो. कोणता आकडा कधी कुठे होता याच्या याद्या टपाल तिकिटं जमवणाऱ्यांनी कष्टानं तयार केल्या आहेत. आपल्या गावातल्या एखाद्या संग्राहकाला गाठा. आणि पाकिटं फेकू नका. दर महिन्याला कोणीतरी पत्र ठेवून पाकीट फेकलेलं असतं.

१३. काही पत्रं मोडीत आहेत आणि काही रोमन लिपीतल्या हिंदीत. ही काय भानगड?

मोडी पत्रं घरून आलेली. १९४० च्या दशकात मुलगा इंग्रजीत हुद्दा लिहीत होता तरी वडील मोडीत ‘चिरंजीवास अनेक आशीर्वाद’च लिहीत. मोडी वाचणारे आता बरे मिळतात, वर्ग चालतात. मात्र घरगुती पत्राचा मजकूर अनोळखी माणसाला द्यायच्या आधी पान चाळून घ्यायला सांगा (प्रश्न २१).

दुसरी भाषा म्हणजे रोमन उर्दू. इंग्रजांच्या फौजेत शिपायांशी व्यवहार तिच्यात चाले आणि अधिकाऱ्यांना तिची परीक्षा असे. मराठी अधिकाऱ्याला जवानाकडून आलेलं पत्र त्या लिपीत असणं अगदी साहजिक. मोठ्यानं वाचा, कळेल.

१४. वॉर डायरी सापडली. ही मिलिटरीला परत करायची का?

आधी बघा ती कोणती. वॉर डायरी म्हणजे युनिटची अधिकृत दैनंदिनी. तशी मूळ प्रत घरात असायला नको, सापडली तर प्रश्न १५ वाचा. बहुतेक घरांत सापडते ती स्वतःची रोजनिशी. आघाडीवर ती ठेवायला सहसा मनाई असे आणि तरीही लोक ठेवत. दुसऱ्या महायुद्धातला इंग्लंडचा सर्वोच्च सेनाधिकारी ॲलनब्रुक हाही मूळचा तोफखान्याचाच, तरुणपणी हिंदुस्थानात नोकरी केलेला. त्यानं बायकोला उद्देशून रात्री लिहिलेल्या वह्या आज लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये आहेत. १९५० च्या दशकात त्या कापून-छाटून छापल्या गेल्या आणि चर्चिलवरचा सगळा राग लोकांना वाचायला मिळाला तो २००१ मध्ये.

महायुद्धातल्या भारतीय युनिटच्या अधिकृत वॉर डायऱ्या बघायच्या असतील तर ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ १६९ (मध्यपूर्व), १७० (इटली) आणि १७२ (ब्रह्मदेश आणि आग्नेय आशिया) या मालिका बघा. भारतातला पत्ता म्हणजे संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग.

१५. ‘सिक्रेट’ शिक्क्याचे कागद आणि नकाशे आहेत. पन्नास वर्षं झाली, आता काय हरकत आहे?

हरकत आहे. नुसती वर्षं गेली म्हणून शिक्का आपोआप उतरत नाही. १९२३ च्या ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टमध्ये असा कागद विनापरवाना जवळ ठेवणं हाही गुन्हा ठरू शकतो. संरक्षण मंत्रालयानं जून २०२१ मध्ये धोरण जाहीर केलं की नोंदी साधारण २५ वर्षांनी खुल्या व्हाव्यात. पण तो निर्णय सरकारनं घ्यायचा असतो, नातवानं नाही.

तेव्हा असे कागद स्कॅन करू नका, फोटो काढू नका, मलाही पाठवू नका. वेगळ्या पाकिटात ठेवा, वर फक्त संख्या लिहा आणि जवळच्या स्टेशन हेडक्वार्टरला किंवा त्यांच्या रेजिमेंटला लेखी कळवून पोच घ्या. सर्व्हे ऑफ इंडियाच्या डिफेन्स मालिकेच्या नकाशांनाही हेच लागू. पेन्सिलीनं खुणा केलेला नकाशा फ्रेम करून दिवाणखान्यात लावायचा मोह मला कळतो. लावू नका.

१६. पदकांवरून काय कळतं?

पुष्कळ. कडेवर बघा, भिंगातून: नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं आणि तो हुद्दा पदक देतानाचा असतो. समर सेवा स्टार असेल तर १९६५ च्या लढाईच्या क्षेत्रात होते. नुसतं रक्षा पदक असेल तर तेव्हा नोकरीत होते. ७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक याच न्यायानं वाचा. सैन्य सेवा पदकाच्या फितीवर धातूची पट्टी असते, तिच्यावर प्रदेश लिहिलेला असतो. फीत बदलायची असेल तर जुनी टाकू नका. ब्रासो अजिबात नको.

१७. कागद टिकवायचे कसे? लॅमिनेशन करून घेतलं तर?

लॅमिनेशन म्हणजे कागदाचा खून. सेलोटेपही तसाच. टाचण्या आणि स्टेपल गंजतात, त्या सोडवा. घड्या उघडून पत्र सपाट ठेवा. ॲसिड-फ्री पाकिटं मिळाली तर उत्तम, नाहीतर धुतलेलं सुती कापड. पावसाळ्यात ट्रंक जमिनीवर आणि बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. ओला कडुलिंब घालू नका, पानांचा ओलावाच बुरशी आणतो. फोटोंचे चिकट पानांचे अल्बम सगळ्यात वाईट. स्कॅन पत्रांसाठी ३०० आणि फोटोंसाठी ६०० डीपीआय, पाठची बाजूसुद्धा.

१८. पत्रं माझ्याकडे आहेत, म्हणजे छापायचा हक्क माझाच ना?

कागद तुमचा, मजकूर लिहिणाऱ्याचा. आजोबांनी लिहिलेल्या पत्रांचा कॉपीराइट त्यांच्या सगळ्या वारसांकडे जातो, ज्याच्या माळ्यावर ट्रंक होती त्याच्याकडे नाही. त्यांना मित्रांनी लिहिलेल्या पत्रांचा कॉपीराइट त्या मित्रांच्या वारसांकडे. मुदत साधारणपणे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं. पण निधनानंतर पहिल्यांदाच छापलं गेलं तर ६० वर्षं छापल्यापासून मोजतात. आत्याला आणि धाकट्या काकांना आधी विचारा. कायद्यापेक्षा तेच अवघड जातं.

१९. भाऊ अमेरिकेत आहे, तो ट्रंक घेऊन जातो म्हणतो. चालेल?

जपून. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात वस्तूंना १०० वर्षांची अट आहे, पण ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा शास्त्रीय मोल असलेल्या हस्तलिखितांना आणि दस्तऐवजांना ७५ वर्षांचीच. म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली डायरी आता त्या कक्षेत येऊ शकते आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. प्रत्येक घरगुती पत्र पुरावस्तू ठरत नाही. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसं प्रमाणपत्र घ्यावं. भावाला स्कॅन द्या. विकायचा विचार असेल तरी याच कायद्याचा सल्ला आधी घ्या.

२०. कुठे द्यावीत?

अधिकारी कोण होता आणि कागदांत काय आहे यावर ते ठरतं. रेजिमेंटचं जीवन, फोटो, गणवेश असेल तर नाशिक रोड–देवळाली परिसरातलं तोफखान्याचं संग्रहालय किंवा त्यांची स्वतःची रेजिमेंट. मोहिमांबद्दलची पत्रं, टिपणं असतील तर दिल्लीची युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन, जी १८७० पासून आहे. देशाच्या पातळीवरचं काम असेल तर राष्ट्रीय अभिलेखागाराचा खासगी कागदपत्रांचा विभाग किंवा तीन मूर्तीचं पंतप्रधान संग्रहालय आणि ग्रंथालय. अहिल्यानगरचं संग्रहालय रणगाड्यांचं आहे. तिथे लोक तोफखान्याचे कागद घेऊन जातात आणि हिरमुसून परत येतात.

देताना यादी करा, यादीवर सही घ्या आणि अटी लिहूनच द्या: कोणता गठ्ठा किती वर्षं बंद ठेवायचा, छापायची परवानगी कोण देणार. घाईत दिलेली ट्रंक वर्षानुवर्षं गोदामात न उघडता पडलेली मी पाहिली आहे. कॅटलॉग कधी होणार हे देण्याआधी विचारा.

पितळी शेलचं रिकामं कवच (बऱ्याच घरांत त्यात मोरपिसं असतात) ठेवायला हरकत नसते. टोकाला गोळा बसवलेला असेल किंवा शंका असेल तर हलवू नका, ११२ ला फोन करा. पिस्तूल सापडलं तर लगेच पोलीस ठाणं. वारसा म्हणून ते आपोआप तुमचं होत नाही.

२१. आजीची पत्रं फार खासगी आहेत. तिनं जाळायला सांगितली होती. काय करू?

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. आजोबांनी तिला लिहिलेली पत्रं घरी टिकतात, कारण घर जागेवर असतं. तिनं त्यांना लिहिलेली पत्रं बहुधा उरत नाहीत; मूव्ह ऑर्डर आली की ओझं कमी करताना ती आधी जातात. त्यामुळे तिची पत्रं ट्रंकेत असतील तर त्यांनी ती एका छावणीतून दुसरीत वाहून नेली आहेत.

तिचा शब्द स्पष्ट असेल तर तो पाळा, मी अडवणार नाही. नुसतं ‘कुणाला दाखवू नकोस’ असं म्हणाली असेल तर न वाचता पाकिटात घाला, वर तारीख आणि ‘२०६० पर्यंत उघडू नये’ असं लिहा आणि बाकीच्या कागदांबरोबर ठेवा. मामींच्या पत्रांचं मी हेच केलं. वर बांधलेली लाल नाडी मामांची आहे, ती मी सोडली नाही.